कोरड्या गटातल्या वन्सं

१२ मार्च, गुरुवार

इस्पितळातल्या चष्मेवाल्या पोरीने दिलेल्या कागदावर पेल्यांची चित्रं आहेत. पेला प्यायला की चित्रावर काट मारायची. खाली ‘इतर काही’ असं छापलंय आणि पुढे बोटभर जागा. बोटभर जागेत माझं काय मावणार? म्हणून यांच्या दुकानात पडलेली गेल्या वर्षीची कोरी डायरी उचलली. चौथीनंतर पेन धरलं ते सहीपुरतं. चुका होतील. होऊ देत, वाचणार कोण आहे.

तर झालं असं. थंडी पडल्यापासून लघवीच्या जळजळीने मला तीनदा धरलं. वन्संनाही तेच. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. सासरहून परत आल्या तेव्हापासून इथेच आहेत. त्या माझ्या घरी राहतात की मी त्यांच्या, हे अजून ठरलेलं नाही. त्या ‘तो त्रास’ म्हणतात. मी सरळ लघवी म्हणते, मग त्या भिंतीकडे बघतात.

ज्या इस्पितळाच्या चादरींच्या आम्ही दोघी लॉन्ड्रीत घड्या घालतो, त्याच इस्पितळात आज गेलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, “औषध घेता, बरं वाटतं, पुन्हा होतं. दर खेपेला जंतू निबर होत जातात. म्हणून मुळात होऊच नये यासाठी काय करता येईल, त्याचा आम्ही अभ्यास करतोय. निम्म्या बायकांनी रोज बरंच जास्त पाणी प्यायचं. निम्म्यांनी जसं चाललंय तसं. वर्षभराने बघायचं, कुणाला कमी वेळा झालं.”

मी म्हटलं, “एवढं शिकून पाणीच सांगणार?”

“पाणी सगळेच सांगतात हो. खरंच उपयोग होतो का आणि किती, ते नीट मोजायचंय.”

कोण कुठल्या गटात, ते कॉम्प्युटरने ठरवलं. मी पाण्यात. वन्सं ‘जसं चाललंय तसं’मध्ये. जळजळ झाली तर दोघींनीही लगेच कळवायचं, मग तपासणी आणि औषध. घरी येताना मी म्हटलं, “तुमचं बरंय, काहीच करायचं नाही.”  वन्सं गल्लीच्या तोंडापर्यंत गालातल्या गालात हसत होत्या. त्यात हसण्यासारखं काय होतं, देव जाणे.

१७ मार्च, मंगळवार

पोटात पखाल घेऊन हिंडतेय. चालले की आत डुचमळतं.

काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या गठ्ठ्याला टेकले आणि डोळा लागला. स्वप्नात लॉन्ड्रीत गुडघाभर पाणी होतं, कोमट आणि स्वच्छ. चादरी त्यात माशांसारख्या पोहत होत्या. मी एकीला शेपटीला धरलं तर ती म्हणाली, “घाई काय आहे?” घाई! चादरीसुद्धा मला शिकवायला लागल्या.

जाग आली ती लघवीला जायच्या घाईने. आणि किल्ली किल्लीसाहेबांकडे.

हे लिहायलाच हवं. आमच्याकडे बायकांच्या संडासाला कुलूप असतं. किल्लीला हातभर लाकडी फळी बांधली आहे, हरवू नये म्हणून. ती सुपरवायझरच्या, म्हणजे किल्लीसाहेबांच्या टेबलावर. आत जायचं तर त्यांच्यासमोर उभं राहायचं, फळी उचलायची आणि सगळ्या हॉलसमोरून मिरवत न्यायची. म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. वन्संनी इतक्या वर्षांत ती फळी एकदाही उचललेली नाही. सकाळी घरून जाऊन येतात ते परत घरीच. दिवसभरात घोट-दोन घोट, तेही ओठ ओले करण्यापुरते.

२६ मार्च, गुरुवार

आज भांडले. मजा आली.

तिसऱ्यांदा फळी उचलली तर किल्लीसाहेब म्हणाले, “बाई, तुम्ही कामाला येता का फिरायला?”

मी म्हटलं, “साहेब, मी अभ्यासाला येते. लघवीच्या. इस्पितळाचा कागद आहे, दाखवू? त्यात तुमच्या किल्लीचंही नाव घालायला सांगते.”

 किल्लीसाहेब कानापर्यंत लाल. मी दुरुस्तीवाल्याकडून हातोडी आणली, संडासाच्या दाराशेजारी खिळा ठोकला आणि फळी त्यावर टांगली. म्हटलं, आता विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. त्यांनी काढली नाही. खरं तर त्यांचीही सुटका झाली असावी. माणूस वाईट नाही, भित्रा आहे.

बायका एकेक करून जाऊन आल्या, देवळात जाऊन यावं तशा. वन्सं तेवढ्या गेल्या नाहीत.

“आता काय अडलंय?”

“मला नाही लागत,” म्हणाल्या आणि चादरीचं टोक पुढे केलं.

४ एप्रिल, शनिवार

उन्हाळा आला. चादरी इस्त्री करणाऱ्या रोलरजवळ वाफ इतकी, की समोरचं माणूस विरघळून जातं. वन्सं आणि मी समोरासमोर असतो. चादर धरायची, ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकींकडे यायचं. टोकं माझ्या हातात देऊन त्या खाली वाकतात, घडी उचलतात, मागे जातात. पुन्हा येतात. दिवसभर असंच. वाफेतून येतात, वाफेत जातात. कधीकधी वाटतं, आता मागे गेल्या त्या येणारच नाहीत, नुसतं टोक तेवढं हवेत राहील. असले विचार मला पूर्वी सुचत नव्हते. पाणी डोक्यात चढलं असेल.

आज मी माझी बाटली पुढे केली. म्हटलं, “घ्या, तोंड बघा कसं सुकलंय.”

“नको.”

“अहो, एक घोट.”

“नको म्हटलं ना वहिनी. तू पी. तुला प्यायचंय.”

तुला प्यायचंय म्हणे. जसं काही मी एकटी माणूस आणि या खांब. हट्टी आहेत. यांच्या घराण्यात सगळेच.

१० एप्रिल, शुक्रवार

चष्मेवाली लॉन्ड्रीत आली होती, तपासणीच्या बाटल्या न्यायला. लहानखुरी पोर, बोलता बोलता चष्मा वर ढकलते. वन्संनी आज केस धुतले होते, ठेवणीतले कपडे घातले होते. लघवीची बाटली द्यायला! मला हसू आवरेना.

वन्सं तिला म्हणाल्या, “बाळ, माझा काही उपयोग होतोय ना गं? मी तर काहीच करत नाही.”

“असं कसं मावशी? तुमच्याशिवाय आमचा अभ्यास होणारच नाही. तुम्ही आहात तशाच राहा. काही बदलू नका, एवढंच.”

वन्संनी मान हलवली. हळूहळू, दोनदा. कुणी दागिना जपायला दिल्यासारखी.

आणि मी? पिंपभर पाणी रिचवते, साहेबांशी भांडते, भिंतीला खिळे ठोकते, तर मला “छान चाललंय हं मावशी.” बस्स.

१९ एप्रिल, रविवार

डोकं फिरलंय.

वन्संनी हल्ली स्वतःचा वेगळा पेला ठेवलाय. सकाळी भरतात, झाकतात, दिवसभर त्यातूनच पुरवून पुरवून पितात. घरात दुसरं भांडं तोंडाला लावत नाहीत. उकाडा इतका आहे, की भिंतीलाही घाम यावा. हेही म्हणाले, “ताईचं काहीतरी बिनसलंय. तिचा तो पेला बघितलास?” हे आठवड्यातून दोनदा बोलतात, त्यातलं एक हे.

दुपारी मी माठातलं गार पाणी नेऊन समोर ठेवलं. त्यांनी बाजूला सारलं.

मी म्हटलं, “माझ्या हातचं चालत नाही का? मला जळजळ होते म्हणून? तुम्हालाही होतेच की! सोवळं कुणापुढे मिरवता?”

“तसं नाही गं.”

“मग कसं?”

“तुझं तू कर वहिनी. माझं मला करू दे. तुला नाही कळायचं.”

चौथी शिकलेय म्हणून मला नाही कळायचं, आणि या सहावीवाल्या! मी ते पाणी कुंडीत ओतलं. उद्यापासून बोलणार नाही. बघू कोण आधी बोलतं.

२२ एप्रिल, बुधवार

बोलले नाही. त्याही नाहीत.

२८ एप्रिल, मंगळवार

अजून अबोला. न बोलताही घड्या घालता येतात, उलट बऱ्या होतात. या, द्या, वाका, जा.

टोकं देताना बोटं लागतात, ती टाळता येत नाहीत. आज त्यांची बोटं भाजत होती. म्हटलं चादर आत्ताच रोलरमधून आलीय, गरम असणारच. मग संध्याकाळी चादरी निवाल्या तरी बोटं तशीच. मनात राग धरला की असं होत असेल. माझी सासू रागावली की कान तापायचे तिचे.

दोनदा वन्सं मागे जाऊन लवकर परत आल्या नाहीत. वाफेत उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून. मी चादर हिसडली. मला थांबायला लावलेलं खपत नाही, त्यांना माहीत आहे.

पहाटे स्वप्न पडलं. नदी होती, रुंद, तिला आवाज नव्हता. मी पाण्यातून चालत होते. काठावर वन्सं पांढऱ्या खडकावर बसलेल्या, मांडीवर झाकलेला पेला. मी हाका मारतेय, तर त्या ओठावर बोट ठेवतात. जणू मी हसले-बोलले तर पेल्यातलं सांडेल.

३० एप्रिल, गुरुवार

चादर हातात सैल झाली.

तिसऱ्या प्रहरची वेळ. मी ताणायला मागे झुकले आणि पलीकडून ताणच नाही. आधी वाटलं, मुद्दाम सोडली. म्हटलं, “आता हे काय नवीन?” अकरा दिवसांनी पहिला शब्द बोलले तो हा.  मग वाफ जरा हलली तर चादर जमिनीवर, आणि चादरीखाली वन्सं. पांढऱ्याखाली नुसता उंचवटा.

अंग म्हणजे तापलेला रोलर. दात वाजत होते. मला म्हणाल्या, “वहिनी, चादर मळली का गं?”

किल्लीसाहेबांनी स्वतःच्या गाडीत घातलं. वाटेत एकही सिग्नल पाळला नाही. भित्रा माणूस, तरी.

२ मे, शनिवार

इस्पितळ. त्यांच्या अंगाखाली आमचीच चादर आहे. कोपऱ्यातली घडी बघून ओळखली, मी घातलेली. एवढा राग येऊनही सरळ घातली होती.

जंतू वर चढून मूत्रपिंडात गेलेत. सलाइन चालू आहे. पहिलं औषध दोन दिवस दिलं, ताप हटत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, “रक्तात पसरायला नको. कल्चरचा रिपोर्ट आला की कळेल.” कल्चर म्हणजे लघवीतले जंतू बशीत घालून वाढवायचे आणि मग कशाने मरतात ते बघायचं. शत्रूला आधी जेवू घालायचं आणि मग मारायचं. मी म्हटलं, “लवकर वाढवा हो त्यांना.” त्या म्हणाल्या, “ते त्यांच्याच वेळेने वाढतात.” या जगात सगळ्यांना स्वतःचीच वेळ आहे. माझी कुणालाच नाही.

चष्मेवालीही आली. वन्संचा हात धरून म्हणाली, “मावशी, जळजळ होत होती, तर कळवलं का नाही?”

“तू येणारच होतीस की पुढल्या आठवड्यात. उगाच कशाला तुझी धावपळ.”

“आणि पाणी? एवढ्या उन्हात किती पीत होतात?”

वन्संना ताप होता, तरी हे एखादी कविता म्हणावी तसं सांगितलं. “पहिल्या दिवशी तू विचारलंस ना, किती पिता म्हणून, तेवढंच. पेला ठरवला होता. एक घोट जास्त नाही. वहिनी सारखी पुढे करायची, पण नाही घेतलं. मी बदलले नाही हं, बाळ.”

चष्मेवालीने चष्माच काढला. “मावशी, अहो, तहान लागली की प्यायचं होतं! जसं चाललंय तसं म्हणजे... तहान लागली की माणूस पितोच ना!”

“सगळ्याच भिजल्या तर ओलं कुठलं आणि कोरडं कुठलं, तुम्हाला कळणार कसं?” वन्सं म्हणाल्या. “वहिनीचं पाणी खरं ठरायचं, तर कुणीतरी कोरडं राहायला नको का?”

मी खिडकीकडे गेले. बाहेर काही नव्हतं बघण्यासारखं. गाड्या लावलेल्या होत्या.

माझ्या हातचं चालत नव्हतं म्हणे.

चष्मेवाली गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, “मला अभ्यासातून काढतील का गं?”

“मरायला टेकलात आणि अभ्यास काय घेऊन बसलात!”

“तसं नाही. सासरी म्हणायचे, असं चाल, असं बोल, अशी हस. इथे आले तर आई म्हणायची, जरा बदलली असतीस तर नांदली असतीस. आहेस तशी राहा, काही बदलू नको, असं मला पहिल्यांदाच कुणी म्हटलं, वहिनी. म्हणून म्हटलं, एवढं तरी नीट करावं.”

तापात माणूस काहीही बोलतो. पाणी न पिण्याचा आणि सासरचा काय संबंध? मी म्हटलं, “गप्प पडा.” डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, ते धुवायला नळावर गेले. बराच वेळ गेलं नाही.

३ मे, रविवार

रिपोर्ट आला. पहिल्या औषधाला जंतू दाद देत नव्हते. दुसरं लावलं. हे बाहेर बाकावर बसून आहेत. आतल्या बाकावर मी. वन्सं झोपेत हात हलवतात. नीट बघितलं तर घड्या घालतायत. मी समोर जाऊन उभी राहिले आणि त्यांनी पुढे केलेलं टोक धरलं. हातात काही नव्हतं. तरी धरलं, ताणलं, चार पावलं पुढे गेले, त्यांच्या हातात दिलं. नर्स दारात उभी राहून बघत होती. बघू दे. अशा किती घातल्या ते आठवत नाही. कुठलीतरी घालता घालता त्यांचा हात खाली आला, आणि कपाळावर घाम फुटला.

घाम! मी ओरडले. नर्स म्हणाली, हळू. मी म्हटलं, हळू तुम्ही बोला.

५ मे, मंगळवार

ताप नाही. सकाळी पेलाभर पाणी पाजलं. पिताना डोळे मिटले त्यांनी. गळ्यातून पाणी उतरताना दिसत होतं, एकेक घोट. मी त्यांना पाणी पिताना कधी नीट बघितलंच नव्हतं. मी स्वतः प्यायले नव्हते, तरी तहान भागल्यासारखं झालं. वेडेपणा.

“गोड आहे गं,” म्हणाल्या.

“नळाचं आहे.”

१४ मे, गुरुवार

डॉक्टरबाईंनी घरी सोडताना बसवून सांगितलं. औषध संपेपर्यंत घ्यायचं, बरं वाटलं तरी मध्ये सोडायचं नाही. हे माझ्याकडे बघून. पाणी भरपूर. लघवी तुंबवायची नाही.

वन्संनी विचारलंच. “मग मी आता कुठल्या गटात?”

“आधीच्याच. जी ज्या गटात आली, ती तिथेच मोजायची, मध्ये काहीही होवो. तुमचं आजारपणही त्यातच लिहिलं जाणार.”

“म्हणजे कागदावर कोरड्या आणि घरी पिंपभर पिणार?” मी म्हटलं. “हा कसला अभ्यास?”

“असाच असतो.” डॉक्टरबाई हसल्या, पण पोटभर नाही. “चूक आमची झाली. तुमच्या गटातल्या प्रत्येक बाईला आता आम्ही स्वतः भेटतोय. तहान लागली की प्यायचं, हे कुणाला सांगावं लागेल असं वाटलंच नव्हतं.”

वन्संनी बाकी काही ऐकलं नसावं. “मला काढलं नाही,” एवढंच यांना सांगत होत्या वाटभर. हे म्हणाले, “अरे वा.” हे महिन्याचं बोलून झालं त्यांचं.

तो झाकणाचा पेला मी मोडीत घालणार होते. वन्संनी परत घेतला. म्हणाल्या, राहू दे, पेल्याचा काय दोष. आता त्यातूनच पितात, पण भरून भरून.

१ जून, सोमवार

वन्सं कामावर आल्या. बायकांनी त्यांच्यासाठी रोलरपासून लांबचं टेबल मोकळं केलं होतं. त्यांनी नको म्हटलं. “मी माझ्याच जागेवर.” समोर. वाफेत.

घड्या जुळायला वेळ लागला. त्या हळू, मी घाईची. बोटं लागत होती. गार होती.

मधेच त्या थांबल्या. चादर अर्धी घडी घातलेली, टोकं त्यांच्या हातात. दाराकडे बघितलं, किल्लीसाहेबांच्या टेबलाकडे बघितलं. ते रजिस्टरमध्ये तोंड घालून बसले, आधीच.

वन्संनी टोकं माझ्या हातात दिली. चालत गेल्या. खिळ्यावरची फळी काढली तर ती भिंतीवर अशी आपटली, की सगळ्या बायकांनी वळून बघितलं. वन्संही दचकल्या. मग हसल्या, आणि फळी छातीशी धरून आत गेल्या.

मी चादरीची सगळी टोकं दोन हातांत धरून उभी राहिले. वाफ येत होती, जात होती. मागून पोरी ओरडत होत्या, गठ्ठा तुंबला. तुंबू दे म्हटलं.

चांगलाच वेळ लावला त्यांनी. लावू दे.